शिकाऊ ते शिकवणारा : कारखान्यांच्या पट्ट्यातली कौशल्याची शिडी

टेल्कोचं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचं, पुण्यातलं काम १९६६ मध्ये सुरू झालं आणि इथे तयार झालेलं पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ मध्ये. पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना लोक या दोन सालांमधली अकरा वर्षं उडी मारून ओलांडतात. मला मात्र सगळ्यात जास्त रस त्या अकरा वर्षांत आहे. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी उघड्या माळावर आधी झाडं लावली, तळं केलं. मग यंत्रं बनवणारा मशीन टूल विभाग उभा केला. ट्रकला लागणारे साचे, डाय आणि यंत्रं आपणच बनवायची आणि ती बनवणारी माणसंही आपणच तयार करायची, असा तो क्रम होता. ट्रक सगळ्यात शेवटी आला.

मी व्हिडिओ गेम डिझाइन करते. पुण्यातल्या एका स्टुडिओत आमचा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम तयार होतो आहे आणि त्यात खेळाडूचं पात्र कसं जन्माला येईल, ते काय काय शिकेल, किती वेळात शिकेल आणि शिकून कुठवर जाईल हे ठरवणं माझ्याकडे आहे. मी निगडीच्या यमुनानगरात वाढले. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि प्रशिक्षक म्हणून निवृत्त झाले. या कामाची पुस्तकं मी वाचली, परदेशातल्या डिझायनरांची भाषणं ऐकली. तरी मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या पट्ट्यानं. हजारो अनोळखी तरुणांना एका दारातून आत घ्यायचं आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या वाटेनं वर न्यायचं, हा प्रश्न इथल्या लोकांनी माझ्या जन्माआधी हाताळला होता. त्यांना तो कुठे सुटला आणि कुठे फसला, ते इथे लिहिते आहे.

रोल-प्लेइंग गेमचा सांगाडा १९७४ साली अमेरिकेत तयार झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिलीवर खेळायचा खेळ काढला. त्यात फासे टाकून पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे सहा गुण ठरत. मग योद्धा, जादूगार की धर्मोपदेशक हे निवडायचं. अनुभवाचे गुण जमले की लेव्हल वाढायची. पुढचे बहुतेक सगळे ऑनलाइन गेम याच पायावर उभे राहिले. म्हणजे दोन प्रश्न कायमचे ठरले. पात्र कोण होऊ शकतं? आणि जे झालं ते किती वाढू शकतं?

पहिल्या प्रश्नाचं या मातीतलं जुनं उत्तर कठोर होतं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, निगडी ही सगळी गावंच होती. गावगाड्यात लोहाराचा मुलगा लोहार, सुताराचा सुतार आणि कुंभाराचा कुंभार. कौशल्य खरं होतं, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं होतं, पण निवड नव्हती. शेतकऱ्याच्या मुलानं भात्याशी बसायचं म्हटलं तरी ते कुणी मान्य केलं नसतं आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांना तर विचारायचंही नसे. पात्र जन्मानंच ठरलेलं होतं.

हे बदललं ते कायद्यानं आणि कारखान्यांनी मिळून. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, आलं. बजाज, बजाज टेम्पो, एसकेएफ, ॲटलास कॉप्को, सँडविक अशी नावं पुणे-मुंबई महामार्गाच्या दोन्ही बाजूंना लागली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. याच काळात देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचं, म्हणजे आयटीआयचं, जाळं पसरत होतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं ठरावीक उद्योगांवर ॲप्रेंटिस घेण्याचं बंधन घातलं. बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, साताऱ्याच्या गवंड्याचा, खेड तालुक्यात जमीन गेलेल्या कुटुंबातला, सगळे औंधच्या आयटीआयत एकाच रांगेत उभे राहिले. हातातल्या अर्जावर ट्रेडची यादी होती : फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टूल अँड डाय मेकर. पसंतीक्रम भरायचा.

माझ्या लेखी महाराष्ट्रातल्या कष्टकरी घरांसाठी तो अर्ज फार मोठी गोष्ट आहे. बापाचा धंदा न विचारता मुलाला त्यानं विचारलं, की तुला काय व्हायचं आहे. गुणवत्ता यादीत फिटर नाही मिळाला तर वेल्डर मिळायचा, निवड संपूर्ण मोकळी नव्हतीच. तरीही दार उघडलं होतं. गेममधला पात्र निवडण्याचा पडदा तयार करताना मी तो अर्ज डोळ्यांसमोर ठेवते. पर्याय मोजके असावेत, प्रत्येकाचं काम समजेल असं असावं आणि कुठलाही पर्याय घेणाऱ्याला आपण वाया गेलो असं वाटू नये. वेल्डरलाही शेवटपर्यंत जायला वाट हवी.

त्या अर्जाला मर्यादा होत्या हेही सांगायला हवं. १९७४ मध्ये टेल्कोच्या इंजिनिअरांच्या भरतीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून त्यावर आक्षेप घेतला. त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि त्या टेल्कोच्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून पुण्यात रुजू झाल्या. एका पोस्टकार्डानं यादीतला अडलेला पर्याय उघडला. शॉप फ्लोअरवरच्या मुलींसाठी मात्र आणखी कित्येक वर्षं गेली. आता टाटांच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्या जोडणारी सगळी लाइन महिला चालवतात. माझ्या लहानपणी शिफ्टच्या बसमधून उतरणारे सगळे पुरुषच असायचे.

आता दुसरा प्रश्न, वाढीचा.

बाबा सांगत, आयटीआयत पहिले काही आठवडे फक्त कानस. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि पृष्ठभाग सपाट करायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसायचा. प्रकाश दिसला की पुन्हा कानस. आधी अर्ध्या मिलिमीटरची सूट असे, मग ती कमी कमी होत जाई. पुढे एक तुकडा दुसऱ्यात बसवायचा, उलटा करूनही तो तसाच बसला पाहिजे. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत दाखवतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. फिटरची प्रगती या आकड्यांवरून खाली उतरत जाते.

गेममध्ये नेमकं उलटं चालतं. लेव्हल वाढली की आकडे फुगतात. तलवारीचा घाव दहाचा शंभर होतो, शंभराचा हजार होतो आणि समोरचा राक्षसही तेवढाच मोठा होतो, त्यामुळे खेळाडू जिथल्या तिथेच राहतो. कारागिराचा आकडा लहान होत जातो, कारण त्याची चूक लहान होत जाते. म्हणून आमच्या गेममधल्या लोहाराची लेव्हल मी त्याच्या कामातल्या फरकावर मोजते. नवशिक्याच्या दहा तलवारी दहा तऱ्हेच्या निघतात. जाणत्याच्या दहाही सारख्या निघतात. चाचणीत खेळाडूंना हे आवडलं, कारण आपण सुधारलो हे त्यांना वस्तू हातात घेऊन कळतं.

सराव आणि नुसती पुनरावृत्ती यांतला फरकही कानशीनंच शिकवला. १९९७ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या गेममध्ये लेव्हल नव्हत्या. जे काम कराल ते कौशल्य वाढायचं. एका कौशल्यात शंभरापर्यंत आणि सगळी मिळून सातशेपर्यंत, अशी मर्यादा होती. कल्पना सुंदर होती. पण लोक रात्री संगणकावर एकच क्रिया आपोआप चालू ठेवून झोपी जात आणि सकाळी त्यांचं पात्र पारंगत झालेलं असे. आयटीआयच्या शॉपमध्ये हे चालत नसे. हजार वेळा कानस मारूनही जॉब मापात नसेल तर निदेशक तो बाजूला टाकत आणि नवा तुकडा देत. मोजमाप कष्टाचं नव्हतं, जॉबचं होतं. त्याच ‘अल्टिमा’मध्ये एक मोठी गोष्टही होती. शंभरावर पोचलेल्या लोहारानं वस्तू बनवली की तिच्यावर त्याचं नाव उमटायचं. टूलरूममध्ये डायवर नाव नसायचं, पण ती कुणाच्या हातची हे सगळ्या शॉपला ठाऊक असायचं.

आयटीआय झाल्यावर एक वर्ष कारखान्यात ॲप्रेंटिस, मग परीक्षा आणि मग राष्ट्रीय प्रमाणपत्र. त्यानंतरची शिडी पट्ट्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, तोंडपाठ असते : हेल्पर, ऑपरेटर, सेटर, मग चार्जहँड किंवा सुपरवायझर. युरोपातल्या कारागीर संघांमध्येही शिकाऊ, मग मजुरीवर काम करणारा कारागीर, मग उस्ताद अशी चढण होती. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं आपल्या व्यवसायांच्या पायऱ्यांना त्याच परंपरेतली नावं दिली आणि प्रत्येक पायरीला पंचाहत्तर गुण वाढवत तीनशेपर्यंतची मर्यादा ठेवली. जगभरची लाखो मुलं त्या पायऱ्या संगणकावर चढली. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की अशाच पायऱ्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये माणसं रोज चढत होती.

या शिडीतला सेटर मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑपरेटर मशीन चालवतो. सेटर मशीन लावून देतो. टूल कुठलं, फीड किती, जॉब कसा पकडायचा, पहिला नग मापात कसा आणायचा हे त्याचं काम. तो नीट नसेल तर दहा ऑपरेटर दिवसभर भंगार काढतील. त्याचं कौशल्य दुसऱ्यांच्या कामात दिसतं. बहुतेक गेम अशा माणसाला विसरतात, कारण त्याच्या नावावर पडलेले राक्षस कमी दिसतात. आमच्या गेममध्ये सेटरसारखं पात्र आहे आणि त्याला मिळणारे गुण त्याच्या गटानं केलेल्या कामावर ठरतात.

पट्ट्यानं केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट लाइनच्या कडेला एका फळ्यावर टांगलेली असते. तिला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. डावीकडे कामगारांची नावं, वर कामांची नावं आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचं एक वर्तुळ. पाव भाग काळा म्हणजे शिकतो आहे. अर्धा म्हणजे देखरेखीखाली करतो. पाऊण म्हणजे एकट्यानं करतो. पूर्ण वर्तुळ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो.

हा फळा लांबून आला. १९४० मध्ये, युद्धासाठी लागणारा माल भराभर काढायला नवख्या माणसांना लवकर शिकवण्याची गरज अमेरिकेला पडली, तेव्हा तिथल्या सरकारनं कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाची एक योजना काढली. काम तुकड्यांत फोडायचं, करून दाखवायचं, करून घ्यायचं आणि मग मागे लक्ष ठेवायचं. युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटानं ती आपलीशी केली. १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी आली, त्यानंतर जपानी पद्धती भारतीय वाहन उद्योगात पसरल्या आणि मोठ्या कारखान्यांतून त्यांच्या पुरवठादारांकडे पोचल्या. आज चाकणच्या मध्यम आकाराच्या प्रेस शॉपमध्येही हा फळा दिसतो आणि नव्या मुलांना आधी ज्या खोलीत शिकवतात तिला सगळे डोजो म्हणतात.

चौथा पाव मला पुन्हा पुन्हा विचार करायला लावतो. इथे सगळ्यात वरचा माणूस सगळ्यात वेगवान किंवा सगळ्यात बलवान मानलेला नाही. जो दुसऱ्याला उभा करतो तो सगळ्यात वरचा. गेमच्या जगात हे एकदा करून पाहिलं गेलं. २००३ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’मध्ये तीसहून अधिक व्यवसाय होते आणि त्यांत उस्ताद व्हायचं तर दुसऱ्या खेळाडूंना शिकवून मिळणारे वेगळे गुण जमवावे लागत. त्यामुळे जुने खेळाडू नव्यांना शोधत फिरत. नव्या माणसाला शहराच्या चौकात कुणीतरी विचारायचं, काय शिकायचंय? बाबांनी शेवटची वर्षं प्रशिक्षण केंद्रात काढली आणि आजही त्यांना रस्त्यात ‘सर’ म्हणून हाक मारणारी चाळिशीची माणसं भेटतात. त्यांचं वर्तुळ पूर्ण भरलेलं आहे.

पण ‘गॅलॅक्सीज’ची गोष्ट तिथे संपत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीनं गेम सोपा करायचा म्हणून ते सगळे व्यवसाय काढून टाकले आणि नऊच पात्रं ठेवली. महिनोन्‌महिने घालवून मिळवलेली उस्तादकी लोकांच्या हातून गेली. खेळाडू मोठ्या संख्येनं सोडून गेले. २०११च्या डिसेंबरात तो गेम बंद झाला.

आमच्या पट्ट्यावर हे दोनदा घडलं. पहिल्यांदा यंत्रामुळे. नव्वदच्या दशकात संगणकाच्या हुकमावर चालणारं सीएनसी यंत्र आलं आणि लेथवर हात बसलेल्या टर्नरांसमोर पडदा आणि बटणं आली. टाटांनी निस्सानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना विकत घेऊन पिंपरीत पुन्हा उभारला आणि १९९८च्या अखेरीस इंडिका ही गाडी बाजारात आणली. १९९९ मध्ये बजाजनं चाकणला कारखाना काढला. कारखाने बदलले आणि कामही बदललं. बाबा चाळिशीनंतर सीएनसीचं प्रोग्रॅमिंग शिकले, तेही त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलाकडून. पण फीड किती ठेवायचा, टूल कधी बदलायचं, आवाजावरून काय ओळखायचं हे त्यांना आधीच येत होतं. जुनं ज्ञान नव्या यंत्रावर चाललं, म्हणून ते तरले. खेळाडूला पात्र बदलू द्यायचं असेल तेव्हा मी हाच नियम लावते. जुन्या कौशल्याचा काही भाग नव्यात आला पाहिजे. शून्यापासून सुरू करायला लावणं म्हणजे त्याची वर्षं काढून घेणं.

दुसऱ्यांदा घडलं ते माणसांनी केलं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम भरलं की ती एक वर्षाची सलग सेवा धरली जाई आणि मग नोटीस-भरपाईशिवाय काढता येत नसे. म्हणून अनेक ठिकाणी सातव्या महिन्याला ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. माझा आत्येभाऊ वेल्डर. एका वर्कशॉपमध्ये सात महिने, मग ब्रेक, मग दुसऱ्या नावाच्या ठेकेदाराकडे, मग पुन्हा तेच. हात तोच, टाका तसाच सरळ आणि तरी प्रत्येक वेळी पगार पहिल्या पायरीचा. पुढे २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची प्रशिक्षणार्थी योजना आली. तीन महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंत मुलगा प्रशिक्षणार्थी म्हणून राहू शकत होता आणि त्यात नोकरीची हमी नव्हती. शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या रुंद झाल्या, वरच्या निघून गेल्या. फळ्यावर त्या मुलाचं वर्तुळ पाऊण भरलेलं असतं. तो गेट ओलांडून गेला की ते वर्तुळ पुसलं जातं आणि पुढच्या गेटवर पुन्हा पांढरं असतं.

हे दुरुस्त करायचे प्रयत्न झाले आहेत. २०११ मध्ये फोक्सवॅगननं चाकणला जर्मन पद्धतीचं दुहेरी प्रशिक्षण सुरू केलं, ज्यात वर्ग आणि कारखाना दोन्ही एकत्र चालतात. २०१३च्या डिसेंबरात सरकारनं राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा जाहीर केला आणि देशातल्या सगळ्या कौशल्यांना एक ते दहा पायऱ्या दिल्या. २०२३ मध्ये त्या आठ केल्या. आधी शिकलेल्याला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली. कागदावर ही शिडी माझ्या गेममधल्या शिडीपेक्षा नीट आखलेली आहे. तिला हवं आहे ते एवढंच, की भोसरीच्या ठेकेदारानं ते प्रमाणपत्र पाहून पगार ठरवावा.

ऑनलाइन गेममध्ये खेळाडूचं कौशल्य त्याच्या खात्यावर नोंदलेलं असतं. तो गट बदलतो, शहर बदलतो, वर्षभर खेळत नाही, तरी परत आला की त्याचं सगळं जिथल्या तिथे असतं. हे आम्ही इतकं गृहीत धरतो, की ते बिघडलं तर दुसऱ्या दिवशी हजारो तक्रारी येतात. खऱ्या वेल्डरला एवढंही मिळत नाही, याचा मला राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखानदारांना म्हणूनच माझं सांगणं आहे. तुमच्या लाइनवरच्या फळ्याची एक सही-शिक्क्याची प्रत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या हातात द्या, मग तो कायम असो, कंत्राटी असो की शिकाऊ. कुठल्या कामात त्याचं वर्तुळ किती भरलं होतं, तारखेसह. त्याला खर्च एका कागदाचा आहे. आणि पुढच्या गेटवर जो भरती करतो त्यानं तो कागद वाचावा आणि पाऊण वर्तुळाच्या माणसाला पाव वर्तुळाचा पगार देऊ नये.